समोरचे पान कोरे ठेवा

3 फेब्रुवारी 1836. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जॉर्ज म्युलर नावाचे तीस वर्षांचे पाळक चर्चच्या आतल्या खोलीत दोन तास वाट बघत बसले होते. अनाथ मुलींसाठी घर काढायचे ठरले होते आणि त्या दिवशी अर्ज घ्यायचे होते. या कामासाठी म्युलरनी आधीपासून नेटाने प्रार्थना चालवली होती. जागा मिळावी, पैसा मिळावा, मुलींना सांभाळणारी चांगली माणसे मिळावीत. कापडचोपड, थाळ्या-पेले अशा बारीकसारीक गोष्टीही त्यातून सुटल्या नव्हत्या. एकेक वस्तू येत गेली आणि काय आले, कोणत्या तारखेला आले, हे त्यांच्या रोजनिशीत चढत गेले. अर्ज मात्र त्या दिवशी एकही आला नाही. घरी परतताना त्यांना उमगले की आपण सगळे मागितले, मुली तेवढ्या मागायच्या राहिल्या. अनाथ मुले काय, पैशाला पासरी मिळतील, असे त्यांनी धरूनच चालले होते. त्या संध्याकाळी ते पुन्हा प्रार्थनेला बसले. हे सारे काम मोडीत निघण्यातच देवाचा अधिक गौरव असेल तर तेही चालेल, इथपर्यंत त्यांनी मनाची तयारी केली. दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज आला आणि 11 एप्रिलला विल्सन स्ट्रीटवरचे घर उघडले.

ख्रिस्ती घरांतून म्युलर यांची गोष्ट सांगितली जाते ती पुढच्या भागासाठी. ॲश्ली डाउनच्या टेकाडावर पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या, एका वेळी दोन हजारांवर मुलांची सोय झाली, 1898 मध्ये म्युलर वारले तोवर दहा हजारांवर मुले त्या छपराखालून गेली, आणि यासाठी त्यांनी कोणा माणसाकडे हात पसरला नाही. हे सगळे खरे आहे. तरी मला फेब्रुवारीतले ते रिकामे दोन तास जास्त मोलाचे वाटतात. मंडळीपुढे साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस असा भाग गाळून टाकतो. म्युलरनी तो वहीत ठेवला आणि 1837 मध्ये रोजनिशीतला मजकूर छापायला दिला तेव्हाही वगळला नाही.

प्रार्थनेची वही का ठेवावी, याची पुष्कळ कारणे या पुस्तकात पुढे येतील. माझ्यापुरते एकच पुरेसे आहे. लिहून ठेवले की आपण काय मागितले होते, ते मागाहून बदलता येत नाही.

तोंडी प्रार्थना आठवणीत फार लवकर रंग बदलते. पुण्याच्या नोकरीसाठी महिनाभर गुडघे टेकलेले असतात. पुण्याची हुकते, नाशिकची मिळते. दोन वर्षांनी उपासनेत साक्ष देताना आपण मनापासून सांगतो की प्रभूने नाशिकचे दार उघडावे म्हणून आम्ही प्रार्थना करत होतो. यात खोटेपणा नसतो. मन स्वतःची सोय बघते, इतकेच. वहीत मात्र ‘पुणे’ असे लिहिलेले असते, खाली तारीख असते. मग प्रश्न पडतो की पुणे का नाही. तो प्रश्न पडणे हे माझ्या मते प्रार्थनेतच मोडते. दुसरी सवय मोघमपणाची. ‘सर्व आजाऱ्यांना बरे कर, सर्व दुःखितांचे सांत्वन कर’ असे म्हणून आमेन म्हटले की झाले. पेन हातात घेतले की कोणता आजारी, त्याला काय झाले आहे, त्याच्या घरी स्वयंपाक कोण करते, हे विचारावे लागते. पुष्कळदा ते आपल्याला ठाऊकच नसते आणि प्रार्थनेआधी एक फोन करावा लागतो.

ज्या वाचकांना ही प्रथा अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. प्रार्थनेची वही म्हणजे छापील प्रार्थनापुस्तक नव्हे आणि सरळसोट डायरीही नव्हे. डायरीत माणूस स्वतःशी बोलतो. इथे वाक्याचा रोख देवाकडे असतो. स्तुती, पापांची कबुली, उपकारस्तुती, स्वतःसाठी मागणे आणि दुसऱ्यांसाठी मध्यस्थी, असे तिच्यात सगळे येते. सकाळच्या शांत वेळी शास्त्राचा एखादा भाग वाचून झाला की दहा-वीस ओळी लिहायच्या, अशी अनेकांची रीत असते. मुंबईत माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला लोक लेखी विनंत्या आणि आभारपत्रे देतात, तीही लेखी प्रार्थनाच; पण ती इतरांनी ऐकावी म्हणून लिहिलेली असते. वही कोणी वाचू नये म्हणूनच लिहायची असते.

वही ठेवा, अशी आज्ञा पवित्र शास्त्रात कुठेही नाही. पण लिहिलेला कागद देवापुढे धरण्याचे एक दृश्य मात्र आहे. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यरुशलेमच्या हिज्कीया राजाला धमकीचे पत्र पाठवले. हिज्कीयाने ते वाचले, मंदिरात नेले आणि परमेश्वरापुढे उलगडून ठेवले, मग प्रार्थना केली. शत्रूचे पत्र जसेच्या तसे देवासमोर मांडणारा हा राजा मला फार जवळचा वाटतो. वहीत हॉस्पिटलचा रिपोर्ट किंवा कोर्टाची नोटीस चिकटवणारी माणसे आजही असतात, ती त्याच परंपरेतली. आणि स्तोत्रसंहिता तर लेखी प्रार्थनांचाच संग्रह. त्यातले 88वे स्तोत्र अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची ओळ नाही. संग्रह करणाऱ्यांनी ते गाळले नाही, ही गोष्ट वही लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावी.

पुढच्या प्रकरणांत ज्यांच्या वह्या भेटतील त्यांपैकी तिघांबद्दल इथेच बोलतो. फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्कालला मी या तिघांत धरत नाही. 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री आलेला अनुभव लिहिलेला कागद त्याने कोटाच्या अस्तरात शिवला आणि तो 1662 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर सापडला, ही हकिगत विलक्षण खरीच. पण ती एका रात्रीची आहे आणि आपला विषय रोजचा आहे.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची 2 फेब्रुवारी 1544 पासून वर्षभराहून थोड्या अधिक काळाची आध्यात्मिक नोंदवही शिल्लक आहे. तेव्हा ते रोममध्ये होते आणि संघाच्या चर्चना ठरावीक उत्पन्न असावे की नसावे, या प्रश्नाचा निकाल त्यांना लावायचा होता. आज ज्याला आपण ट्रस्टच्या बैठकीतला विषय म्हणू तो त्यांनी रोजच्या मिस्सेत देवापुढे ठेवला, आणि वहीत काय नोंदवले? अश्रू. मिस्सेआधी आले, मिस्सेत आले, नंतर आले. पुढे पुढे तर वाक्येही गळून जातात आणि तारखांपुढे नुसत्या खुणा उरतात. वाचकाला यात काही रस वाटेल का, याचा विचार त्या माणसाला शिवलाही नव्हता. आपली आत्मकथा ज्याला तोंडी सांगितली त्या सहकाऱ्याला त्यांनी या कागदांचा गठ्ठा दाखवला, काही भाग वाचूनही दाखवला. त्याने थोडे दिवस मागितला तर मात्र दिला नाही.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो डॉ. सॅम्युएल जॉन्सन. इंग्रजी शब्दकोशाचा कर्ता, अठराव्या शतकातल्या लंडनमधला नामांकित बोलघेवडा, आणि प्रार्थनेच्या वहीत अगदी अगतिक. 3 एप्रिल 1753 रोजी त्याने कोशाच्या दुसऱ्या खंडाला हात घातला आणि त्याच दिवशी एक छोटी प्रार्थना लिहिली. पहिल्या खंडाची प्रस्तावना, व्याकरण, भाषेचा इतिहास, यांतले काहीच अजून सुरू केलेले नाही, हे त्याने तिथेच नमूद केले. अर्धवट पडलेल्या कामाची यादी आणि ते काम निभावून नेण्याचे मागणे एकाच पानावर! आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये त्याची बायको वारली होती. मृतांसाठी प्रार्थना करणे त्याच्या चर्चला फारसे मानवणारे नव्हते, म्हणून तिच्यासाठी मागताना ‘मला तसे करणे योग्य असेल तेवढ्यापुरते’ अशा अर्थाची अट तो घालतो. धर्मनियम मोडायचा नाही आणि बायकोचे नाव सोडायचे नाही, यात अडकलेला विधुर त्या एका अटीत पुरा दिसतो. व्यासपीठावरून अशी प्रार्थना कोणी करणार नाही.

बाकी वही म्हणजे मोडलेल्या संकल्पांची रास. ईस्टरला, वाढदिवसाला, नव्या वर्षाला तोच निश्चय: लवकर उठेन, शास्त्र वाचेन, वेळ वाया घालवणार नाही. पंचावन्नाव्या वाढदिवशी तो लिहितो की आजवरचे सारे आयुष्य संकल्प करण्यातच गेले, हातून काही झाले नाही. आणि लगेच पुन्हा संकल्प! 1784 च्या डिसेंबरमध्ये तो गेला. जाण्याआधी थोडे दिवस त्याने ढीगभर खाजगी कागद जाळले. प्रार्थनांचे कागद मात्र ओळखीच्या एका धर्मोपदेशकाच्या हवाली केले आणि ते 1785 मध्ये छापून आले. एवढ्या मोठ्या माणसाचा आळस आणि भित्रेपणा असा चव्हाट्यावर आणायला नको होता, असे तेव्हा काहींना वाटले. मला उलट वाटते. आपल्याकडे संतचरित्रे इतकी घासूनपुसून लख्ख केलेली असतात की वाचून माणूस नाउमेद होतो. जॉन्सन वाचून धीर येतो.

तिसरी फ्लॅनरी ओ’कॉनर. पुढे अमेरिकेतली मोठी कथाकार झालेली ही कॅथलिक मुलगी 1946 मध्ये आयोवा विद्यापीठात शिकत होती, वय वीस. तिने शाळकरी वहीत देवाला पत्रे लिहावीत तशा नोंदी करायला सुरुवात केली. मला चांगली लेखिका कर, हे तिचे उघड मागणे. पण हे देवासाठी मागतेय की नावासाठी, हा संशय तिला सोडत नाही, आणि तोही ती देवालाच सांगते. सप्टेंबर 1947 मधली शेवटची नोंद तर फारच लहान. आज आपण ओटच्या बिस्किटांचा आणि वासनेच्या विचारांचा अधाशीपणा केला, आता आपल्याबद्दल सांगण्यासारखे काही उरले नाही, असे लिहून ती वही थांबवते. 1964 मध्ये ती वारली. वही छापली गेली 2013 साली. बिस्किटांचा हा उल्लेख काहींना पोरकट वाटेल. ज्याने कधी प्रामाणिकपणे पापकबुली लिहायचा प्रयत्न केला आहे त्याला वाटणार नाही.

आता पुन्हा म्युलरकडे, कारण वहीचा जो नमुना आज सर्वत्र चालतो तो बहुतांशी त्यांचा: एका पानावर तारीख आणि विनंती, समोरच्या पानावर उत्तराची तारीख. या नमुन्याची गोडी आणि धोका दोन्ही त्या समोरच्या पानात आहेत. भराभर तारखा पडू लागल्या की वाचणाऱ्याला वाटते, हे तर बँकेचे पासबुक. पण म्युलरनीच सांगितलेली एक हकिगत त्याला छेद देते. नोव्हेंबर 1844 मध्ये त्यांनी पाच व्यक्तींच्या तारणासाठी रोज प्रार्थना सुरू केली. पहिली व्यक्ती दीड वर्षाने प्रभूकडे वळली, दुसरी आणखी पाच वर्षांनी, तिसरी त्यानंतर सहा वर्षांनी. छत्तीस वर्षे उलटल्यावरही उरलेल्या दोघांसमोर काहीच लिहिता येत नव्हते आणि म्हातारे म्युलर त्यांची नावे रोज घेतच होते. हजारो मुलांच्या जेवणाची उत्तरे ज्या वहीत आहेत तिच्यातच हे कोरे पान आहे. मला विचाराल तर त्यांच्या विश्वासाची परीक्षा भाकरीच्या प्रश्नात झाली त्याहून इथे जास्त झाली.

म्युलर यांच्यावर एक आक्षेप मला रास्त वाटतो. कोणाकडे मागायचे नाही म्हणायचे आणि दरवर्षी अहवाल छापून गरज जगजाहीर करायची, हे मागणेच झाले, असे टीकाकार म्हणत. छापील रोजनिशी वाचून देणग्या आल्या, हे नाकारता येत नाही. पण त्याच छापील पानांचा एक धागा आपल्या केडगावपर्यंत येतो. पंडिता रमाबाईंनी म्युलर आणि हडसन टेलर व जॉन पेटन हे मिशनरी यांच्या हकिगती वाचल्या, आणि या माणसांनी टाकला तसा भरवसा भारतात देवावर टाकता येणार नाही का, असा प्रश्न त्यांच्या मनात आला. 1907 च्या आपल्या साक्षीत त्यांनी हे सांगितले आहे. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायकांचे पोट याच भरवशावर केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनने चालवले. 1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज सकाळी प्रार्थनेसाठी जमणारा जो गट सुरू केला त्यात सुमारे 70 जण होते. मुक्तीतले प्रसिद्ध संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, त्याच वर्षी जूनअखेर झाले. ब्रिस्टलमधल्या एका वहीचे केडगावला इतके मोठे फळ आलेले पाहिल्यावर छापण्यावरचा माझा राग निवळतो. तरीही प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करायला सांगितले आहे, आणि नव्याने वही धरणाऱ्याने छापखान्यापेक्षा त्या दाराची आठवण ठेवावी.

देवाला सगळे ठाऊक आहे, मग त्याला लिहून कशाला कळवायचे, असे काहीजण विचारतात. हा प्रश्न जुना आहे. इ. स. 397 च्या सुमारास संत ऑगस्टिनने आपली कबुली लिहायला घेतली, ती सबंध देवाला उद्देशून आहे, आणि तुला माहीत असलेलेच तुला का सांगतो, हे त्यालाही स्वतःला विचारावे लागले. सांगताना सांगणाऱ्याचेच प्रेम जागे होते, असा त्याचा निर्वाळा आहे. मला तो पटतो आणि त्यावर अधिक काथ्याकूट करावासा वाटत नाही.

एका धोक्याबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे, कारण पुस्तकात त्यावर पुरेसे आलेले नाही. मध्यस्थीच्या वहीत दुसऱ्यांची गुपिते असतात. कोणाच्या मुलाचे व्यसन, कोणाचे मोडत आलेले लग्न, कोणाच्या छातीतली गाठ. मंडळीत प्रार्थनेच्या नावाखाली किती चहाड्या चालतात हे आपण सगळे जाणतो. ‘त्यांच्यासाठी प्रार्थना करा हं’ अशी सुरुवात झाली की पुढचा अर्धा तास काय चालणार ते कळते. व्हॉट्सॲपच्या प्रेअर ग्रुपवर तर नाव, वॉर्ड आणि निदान दोनशे माणसांपर्यंत पोचलेले असते. म्हणून वहीत पूर्ण नाव घालू नये, आद्याक्षर पुरे. वही टेबलावर उघडी टाकू नये. आणि ज्याच्यासाठी लिहिले त्याची बातमी वहीतून तोंडात येऊ देऊ नये.

बाकी कृती सोपी आहे. दुकानात मिळते ती शंभरपानी वही चालते. सोनेरी कडांची डायरी आणली की अक्षर सुधारण्यातच आठवडा जातो. डाव्या पानावर तारीख आणि मागणे, उजवे पान कोरे. रोज जमले नाही तर जमेल त्या दिवशी लिहावे, चुकलेले दिवस भरून काढत बसू नये. महिन्यातून एकदा मागची पाने वाचावीत, नाहीतर लिहिण्याचा निम्मा उपयोग गेला. उत्तरे मोजू नयेत. आणि भाषा आपली असावी. आपल्याकडे प्रार्थनेला बसले की नगरचा माणूसही एकदम बायबलच्या मराठीत शिरतो, वसईची आजी घरात सामवेदी बोलते आणि देवाशी पुस्तकी. मोठ्याने केलेल्या प्रार्थनेत ते समजण्यासारखे आहे. वहीत तरी ज्या बोलीत आपण भांडतो आणि रडतो तीच वापरावी. ‘हे सर्वसमर्थ पित्या’ असा आरंभ झाला की पुढे बिस्किटांची कबुली येणे अवघड जाते.

स्कॉटलंडच्या जॉन बेली यांनी 1936 मध्ये महिन्याच्या एकतीस दिवसांसाठी सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनांचे पुस्तक काढले, तेव्हा डावीकडची पाने मुद्दाम कोरी सोडली होती. माझ्या प्रार्थना पुरेशा नाहीत, तुमच्या विनंत्या तिथे लिहा, असे त्यांचे सांगणे होते. तेच धोरण ठेवून या पुस्तकाच्या शेवटी काही पाने कोरी बांधली आहेत. पुस्तक संपण्याची वाट न बघता त्यांवर लिहायला लागा. पेन्सिल नको, शाई वापरा. आणि पुस्तक कोणाला वाचायला देण्याची वेळ आली, तर तेवढी पाने आधी फाडून स्वतःजवळ ठेवा.